क्यूच्या टोकावरचे चामडे

खेळाच्या नियमावलीकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने वळावे, असे सहसा घडत नाही. परंतु एखादा शब्द नेमके काय धारण करतो आणि काय वगळतो, हा प्रश्न जिथे उभा राहतो, तिथे आमच्यासारख्यांचे थोडेफार काम असते. पूल या खेळाच्या जागतिक संघटनेच्या उपकरणविषयक नियमांत क्यूच्या टिपेचे वर्णन अनेक वर्षे असे चालत आले आहे, की ती विशेष प्रक्रिया केलेल्या चामड्याची अथवा अन्य तंतुमय वा लवचिक द्रव्याची असावी. चेंडूवर ओरखडा उठेल किंवा त्याला इजा पोचेल अशा द्रव्याची नसावी. वाक्य निरुपद्रवी वाटते. तथापि त्यातील ‘तंतुमय’ या एका विशेषणाआडून एक मोठा वाद नियमावलीत शिरला आहे.

टिप म्हणजे क्यूच्या, अर्थात खेळण्याच्या काठीच्या, निमुळत्या टोकाला चिकटवलेली चकती. तिची रुंदी १४ मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. खेळाडू आणि चेंडू यांचा जो काही संबंध येतो तो एवढ्याशा चकतीतून. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आणि विशेषतः एकविसाव्या शतकाच्या आरंभी या चकतीच्या जागी काही क्यूंवर फेनॉलिक राळेच्या कठीण टिपा बसू लागल्या. कापडाचे वा कागदाचे थर राळेत भिजवून, त्यांवर उष्णता आणि दाब देऊन हे द्रव्य तयार होते. कापड म्हणजे तंतू. तेव्हा अक्षरार्थ घेतला तर ही टिप ‘तंतुमय’ ठरते. पण नियम लिहिणाऱ्यांच्या मनात चामड्यासारखे दबणारे, चेंडूला क्षणभर धरून ठेवणारे काहीतरी होते, हे वाक्याच्या एकूण रोखावरून दिसते. काही स्पर्धा अशा टिपांना मोकळीक देतात, काही देत नाहीत. शब्द एकच असून निवाडे दोन होतात, याचे कारण शब्दाच्या पोटात एक जुना इतिहास आहे. तो उलगडल्यावाचून कठीण टिपेला परवानगी असावी की नसावी, या प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे केवळ आवडनिवड सांगणे होईल.

या इतिहासाची पहिली गंमत अशी, की क्यू हीच मुळात एक पळवाट होती. सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपात बिलियर्ड्स खेळले जाई ते ‘मेस’ नावाच्या दांड्याने. त्याच्या टोकाला जड, रुंद डोके असे आणि त्याने चेंडू ढकलला जाई. चेंडू कुशनला चिकटून राहिला की हे डोके अडचणीचे होई; मग खेळाडू दांडा उलटा धरून त्याच्या बारीक शेपटाने फटका मारीत. फ्रेंच भाषेत शेपटाला जो शब्द आहे त्यावरूनच ‘क्यू’ हे नाव आले. म्हणजे आज ज्या काठीला आपण परंपरेचे प्रतीक मानतो, ती एके काळी हत्याराचा उलटा वापर होती.

या शेपटाविषयीची दुसरी हकीकत अधिक बोलकी आहे. बिलियर्ड्सचे इतिहासकार सांगतात, की क्यूने खेळण्याची मुभा दीर्घकाळ पुरुषांनाच असे. स्त्रियांच्या हातून टेबलावरचे कापड फाटेल, अशा समजुतीने त्यांना मेसच दिला जाई. ‘साधनाने नुकसान होते’ हा युक्तिवाद या खेळात किती जुना आहे आणि तो कोणकोणत्या कामी आला आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. कापडाची काळजी खरीही असेल. पण त्या काळजीच्या आडून कोणी खेळावे आणि कोणी खेळू नये, हेही ठरत होते.

चामडे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. त्याचे श्रेय फ्रेंच सैन्यातील कप्तान फ्रांस्वा मँगो यास दिले जाते. पॅरिसमधील तुरुंगवासात त्याने बिलियर्ड्सचा अभ्यास केला आणि क्यूच्या लाकडी टोकावर चामड्याची चकती बसवली. १८०७ मध्ये तो सुटला. खेळ अपुरा राहिला म्हणून त्याने शिक्षा वाढवून मागितली, ही कथा आम्ही दंतकथा म्हणूनच घेतो. मात्र चामड्याने काय घडवले ते दंतकथेत मोडत नाही. नुसते लाकडी टोक चेंडूच्या मध्यापासून जरा बाजूला लागले की निसटे. चामडे दबते, पकडते. त्यामुळे चेंडूच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फटका मारता येऊ लागला. चेंडूला फिरकी देता येऊ लागली. समोरच्या चेंडूवर आदळून मागे परतणारा चेंडू, कुशनला लागून कोन बदलणारा चेंडू, हे सारे खऱ्या अर्थाने त्या चकतीतून जन्मले. पुढे इंग्लंडात बाथ येथील जॅक कार याने टिपेला खडू चोळून हीच पकड वाढवली आणि ‘फिरकीचा खडू’ म्हणून तो विकलाही. १८३५ मध्ये कोरिऑलिस या फ्रेंच गणितज्ञाने बिलियर्ड्समधील चेंडूंच्या गतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मँगोच्या सुटकेनंतर अवघ्या २८ वर्षांत चामड्याची चकती गणिताचा विषय झाली होती.

येथे परंपरावाद्यांची अडचण होते. कठीण टिप नको, कारण ती नवी आहे आणि खेळ बदलून टाकते, असे म्हणावे, तर चामड्याइतका बदल या खेळात दुसऱ्या कोणत्याच वस्तूने घडवला नसेल. १८२६ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टन याने लाकडाऐवजी पाटीच्या दगडाचे तळ असलेली टेबले बनवण्यास आरंभ केला. पुढे कुशनमध्ये रबर आले. चेंडूंचे तर काय सांगावे! हस्तिदंत दुर्मिळ होऊ लागला तेव्हा १८६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या फेलन आणि कॉलेंडर या बिलियर्ड्स-व्यावसायिकांनी पर्यायी द्रव्यासाठी दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले, आणि जॉन वेस्ली हयात याचे सेल्युलॉइड त्याच खटपटीतून पुढे आले. १९०७ मध्ये लिओ बेकलंडने फेनॉलिक राळेचे बेकेलाइट सिद्ध केले आणि कालांतराने चेंडू त्या राळेचे झाले. आजचे उत्तम चेंडू फेनॉलिकच असतात. म्हणजे ज्या द्रव्याच्या टिपेवर आक्षेप आहे त्याच कुळातील चेंडू आपण बिनतक्रार स्वीकारला आहे. ‘परंपरा’ हा शब्द या टेबलावर फार जपून वापरावा लागतो.

मग कठीण टिप आली ती कशासाठी? ती खेळाडूच्या लहरीतून आलेली नाही. एका विशिष्ट खेळाच्या नियमांनी तिला बोलावून आणले. पूलमधील नाइन-बॉल या प्रकारात टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागतो. न झाल्यास फाउल. आणि फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला पांढरा चेंडू हातात घेऊन हवा तिथे ठेवता येतो. ही कडक शिक्षा १९८० च्या दशकानंतर सर्वत्र रूढ झाली. त्यापूर्वीच्या पद्धतीत अडकलेला खेळाडू चेंडू नुसता ढकलून प्रसंग निभावू शके. शिक्षा वाढली तसा लपवाछपवीचा डाव मोलाचा झाला. प्रतिस्पर्ध्याला दिसणारच नाही अशा जागी चेंडू दडवावा, आणि त्याने फाउल करावा. दडलेल्या चेंडूपर्यंत पोचण्याचे मार्ग दोन: कुशनवरून वळसा घालून जाणे किंवा आडव्या आलेल्या चेंडूवरून उडी मारणे.

उडीचा फटका मारताना क्यू उंच धरून चेंडूवर वरून आघात करतात. चेंडू खालच्या दगडावर दाबला जातो आणि उसळतो. (चेंडूच्या खाली टोक खुपसून तो उचलणे हा फाउल आहे.) चामड्याची टिप चेंडूशी सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी बिलगून राहते. एवढा अल्प काळही येथे जास्त होतो; चेंडू उसळू पाहतो आणि टिप अजून वाटेत असते. कठीण टिप त्याहून लवकर सुटते. तिला हलकी, आखूड काठी जोडली की उडी सुलभ होते. नियमाप्रमाणे क्यूची किमान लांबी ४० इंच. उडीचे क्यू या मर्यादेला जेमतेम स्पर्श करणारे असतात, हा योगायोग नव्हे.

ब्रेकचे गणित वेगळे. डावाच्या आरंभी एकत्र रचलेले चेंडू फोडताना एखादा पॉकेटमध्ये गेला तर खेळी चालू राहते. म्हणून वेगाला महत्त्व. चामडे दबताना आघाताची काही ऊर्जा गिळते, राळ कमी गिळते. हात तोच, काठी तीच, तरी चेंडू अधिक वेगाने निघतो. उलट फेनॉलिक टिपेवर खडू नीट धरत नाही आणि फिरकी देऊ जाता टोक निसटते. चामडे पकड देते, राळ बळ देते. म्हणूनच कठीण टिपेने कोणी सबंध डाव खेळत नाही. खेळाडू तीन-तीन काठ्या बाळगतो: एक फोडण्याची, एक उडीची आणि एक खेळण्याची.

स्नूकरमध्ये हा वाद मुळातच का उपजला नाही, हेही यावरून समजते. १८७५ मध्ये जबलपूर येथील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेनने जुळवलेल्या आणि पुढे उटकमंडच्या क्लबात स्थिरावलेल्या त्या खेळात मधल्या चेंडूवरून उडी मारणे हाच फाउल आहे, आणि आरंभीचा फटका बळाचा नसून सावधपणाचा असतो. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कलकत्त्यात ज्या इंग्लिश बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवून भारताला पहिला जगज्जेता दिला, त्या खेळातही कठीण टिपेला काही काम नाही. आपल्याकडे क्यूच्या खेळांची जाण या दोन घराण्यांतून आली. त्यामुळे चामडे हे आपल्याला जणू निसर्गदत्त वाटते. ते निसर्गदत्त नाही. नियमांनी त्याला स्पर्धकच निर्माण होऊ दिला नाही, इतकेच.

आता बंदीच्या बाजूचे युक्तिवाद एकेक तपासू. पहिला नुकसानीचा. कठीण टिप पांढऱ्या चेंडूवर खुणा पाडते, अशी तक्रार आहे. या युक्तिवादाला क्रिकेटमधील एक दाखला जोडता येतो. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थ येथील कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. चेंडू खराब होत असल्याची तक्रार इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रेअर्ली याने केली, खेळ थांबला, आणि त्यानंतरच्या नियमसंहितेत बॅटचे पाते लाकडाचेच हवे असे स्पष्ट लिहिले गेले. तोवर ते लिहिलेले नव्हते, कारण कोणाला ते लिहावेसे वाटले नव्हते. नियमातील मौन हे बहुधा असेच असते. परंतु चेंडूच्या नुकसानीवर बंदी उभारली तर ती नुकसानीपुरतीच टिकते. उद्या चेंडूला मुळीच न दुखावणारे कठीण द्रव्य निघाले तर? मेसच्या काळातील स्त्रियांनी कापड न फाडता खेळून दाखवले असते, तर बंदी घालणाऱ्यांनी लगेच दुसरे कारण शोधले असते, असे मानण्यास जागा आहे.

दुसरा युक्तिवाद समतेचा, आणि तो बहुधा परवानगीच्या बाजूने येतो: साधन दोघांनाही खुले आहे, मग अन्याय कोणावर? हे म्हणणे बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. स्पर्धा दोघांना समान असली म्हणजे ती कशाची स्पर्धा आहे, हे ठरत नाही. कॅरममध्ये स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही आणि तो धातूचा असून चालत नाही. दोघांनाही धातूचा स्ट्रायकर दिला तर सामना समानच होईल. फक्त तो आपण चाळीच्या गच्चीत पाहिलेला कॅरम नसेल.

तेव्हा खरा प्रश्न असा, की खेळाडूला आपण काय विचारतो आहोत? बिलियर्ड्सच्या इतिहासात हा प्रश्न पूर्वीही उपस्थित झाला आहे आणि तो साधनांच्या नव्हे, तर कौशल्याच्या संदर्भात. १९०७ मध्ये टॉम रीस याने लंडनमध्ये दोन चेंडू कोपऱ्यातील पॉकेटच्या तोंडाशी अडकवून, त्यांना एकच हलका स्पर्श पुनःपुन्हा करीत, काही आठवड्यांत ४,९९,१३५ गुणांची खेळी रचली. ती अधिकृत मानली गेली नाही आणि त्या फटक्यावर लवकरच बंदी आली. १९३२ मध्ये वॉल्टर लिंड्रम याने जो डेव्हिसविरुद्ध ४,१३७ गुणांची खेळी केली. चेंडू कुशनपाशी एकत्र राखून गुण मिळवण्याची त्याची हातोटी एवढी होती, की ठरावीक गुणांनंतर चेंडूने टेबलावरची रेषा ओलांडलीच पाहिजे, असा नियम करावा लागला. रीस किंवा लिंड्रम यांनी काहीही गैर केले नव्हते. उलट त्यांनी खेळाने विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर दिले होते. आणि पूर्ण उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारण्यात अर्थ उरत नाही. लिंड्रमला नवा प्रश्न विचारला गेला. १९३३ आणि १९३४ ची विश्वविजेतेपदे जिंकून त्याने त्याचेही उत्तर दिले.

या कसोटीवर कठीण टिप कशी उतरते? ब्रेकबाबत आम्हांस फारसा संदेह नाही. तिने मिळतो तो केवळ वेग. आयोजकांनी त्यावर उतारे शोधले: ब्रेक ठरावीक चौकटीतूनच मारावा, नऊ क्रमांकाचा चेंडू रचनेत पुढे सरकवावा, अमुक इतके चेंडू रेषेपार जावेत, ब्रेक आळीपाळीने असावा. वाढवलेल्या बळाला पुन्हा वेसण घालण्यासाठी एवढे उपनियम लागत असतील, तर मुळातले बळ वाढू देण्याचे प्रयोजन काय?

उडीचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि येथे हा लेख लिहिणाऱ्या आम्हां दोघांचे मत प्रारंभी एक नव्हते. उडीच्या बाजूने सबळ म्हणणे आहे. प्रतिस्पर्ध्याने हेतुपुरस्सर चेंडू दडवला तर ती त्याची कला; पण पुष्कळदा चेंडू दडतो तो निव्वळ नशिबाने, आणि नशिबाची शिक्षा खेळाडूने का भोगावी? शिवाय उडी सोपी होते म्हणजे आपोआप साधते असे नाही. नेम, उंची, उतरण्याची जागा हे सारे शिकावेच लागते. हे मान्य करूनही उत्तर उरते. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसची ख्याती झाली त्यामागे कुशनवरून वळसा घालून दडलेला चेंडू गाठण्याचे त्याचे कौशल्य होते. टेबलाच्या कडा, कोन आणि फिरकी यांची भूमिती मनात मांडून काढलेली ती वाट असते. जवळच्या अडथळ्यावरून सहज उडी मारता येऊ लागली की त्या वाटेचे मोल घटते. आणि दडवणाऱ्यालाही नुसते दडवून भागत नाही, अडथळा उडीच्या टप्प्याबाहेर राखावा लागतो. डाव एका ठिकाणी उघडतो, दुसऱ्या ठिकाणी मिटतो. जमाखर्च समसमान वाटतो.

पारडे झुकले ते दुसऱ्याच विचाराने. चामड्याची निवड करताना खेळाडू एक तडजोड करतो. मऊ चामडे फिरकीला सोयीचे वाटते पण आकार लवकर सोडते. टणक चामडे टिकते, जोरही देते, पण खडूची अधिक निगा मागते. एकाच टिपेने चेंडू फोडायचाही आहे आणि बोटभर अंतर हलकेच सरकवायचाही आहे. या दोन विरोधी कामांमधला ताण एका हाताला, एका काठीला पेलावा लागतो. तीन कामांसाठी तीन काठ्या घेतल्या की तो ताण खेळाडूकडून कारागिराकडे जातो. सुनीत लिहिणाऱ्या कवीला चौदा ओळींत विचार मांडून त्याला वळणही द्यायचे असते. वळणासाठी पंधरावी ओळ द्या, कविता मोकळी होईल. परंतु चौदा ओळींनी कवीकडून जे काढून घेतले असते ते निघणार नाही. केशवसुतांनी सुनीत मराठीत आणले तेव्हा ते नवे होते, परके होते. त्याने कवितेला नवी अडचण दिली आणि त्या अडचणीतून नवे बोलणे दिले. मँगोच्या चामड्याने नेमके हेच केले होते. फेनॉलिक टिप अडचण दूर करते. बोलणे मात्र फारसे वाढवीत नाही.

म्हणून आमचे मत असे: चामड्याच्या टिपेचा एकच क्यू, आरंभापासून अखेरपर्यंत. यात चामड्याचे पावित्र्य नाही. उद्या एखाद्या अन्य द्रव्याने चामड्यासारखी पकड देऊन नवे फटके शक्य केले, तर त्याचे स्वागत व्हावे. बंदीची किंमतही आम्ही नाकारीत नाही. काही सुंदर उड्या आपल्याला पाहावयास मिळणार नाहीत, आणि चामड्यानेच उडी मारणारे विरळा हात तेवढे ती मारतील. राळेने दाबून जवळजवळ दगड केलेले चामडे निघेल, आणि सीमारेषेचा तंटा पुन्हा उभा राहील. राहू द्यावा. मात्र त्या वेळी नियमकर्त्यांनी ‘परंपरा’ किंवा ‘नुकसान’ असल्या शब्दांच्या आड न जाता, आपण खेळाडूची नेमकी कोणती परीक्षा घेऊ इच्छितो, ते उघड लिहावे. ‘तंतुमय’ या शब्दाचा दोष तो संदिग्ध आहे एवढाच नाही. द्रव्य कशाचे बनले आहे हे तो सांगतो, पण त्या द्रव्याने चेंडूशी कसे वागावे, हे सांगत नाही. नियमाला खरे म्हणावयाचे होते ते दुसरेच होते: टिपेने चेंडूला क्षणभर धरावे. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते हे धरणे टिकते, आणि खेळाडूचा हात चेंडूपर्यंत पोचतो तो तेवढ्याच अवधीत.